बाबांचा गुण्या

मंगळवारी सकाळी दाढी करत असताना खालून करवतीचा आवाज आला आणि माझा हात गालावरच थांबला. तसा आवाजाचा मला त्रास होत नाही. ह्या इमारतीत बारा महिने कुणी ना कुणी काहीतरी तोडत असतं आणि तेच पुन्हा आधीपेक्षा वाईट जोडत असतं. लोकांना स्वस्थ बसवत नाही. पण ही करवत हाताची होती, आणि ती चालवणारा प्रत्येक कापाच्या आधी दोन हात उलटे ओढत होता, अगदी हलके, आणि मग सरळ लांब हात मारत होता. दोन उलटे, मग सरळ. असं करवत धरणारी दोनच माणसं मी आयुष्यात पाहिली. एक आमचे बाबा, ते जाऊन अकरा वर्षं झाली. दुसरा माझा धाकटा भाऊ; त्याच्याशी बोलणं बंद होऊनही अकरा वर्षंच झाली. मी तोंडावरचा फेस पुसला. गाल अर्धाच झाला होता हे मला दुपारी कळलं.

बायकोला विचारलं, खाली कुणाचं काय चाललंय. ती म्हणाली, दुसऱ्या मजल्यावरच्या विमेवाल्यांचं स्वयंपाकघर नवं होतंय. हे तिनं इतक्या सहज सांगितलं की तिला ठाऊक होतं हे माझ्या लगेच लक्षात आलं. मग तीच म्हणाली, "भाऊजीच आहेत. शनिवारी संपतंय त्यांचं काम. बोलायचं असेल तर तेवढेच दिवस आहेत." आणि चहाचा थर्मास घेऊन ती खाली निघून गेली. म्हणजे माझ्या घरचा चहा दोन मजले उतरून जात होता आणि मला त्याची वर्दी द्यायचीही कुणाला गरज वाटली नव्हती. विमेवाला तर पहिल्यापासून भोट. ह्या माणसाला सरळ भिंत आणि वाकडी भिंत ह्यांतला फरक तिच्यावर डोकं आपटल्याशिवाय कळणार नाही. असल्या माणसानं शहरातले सगळे सुतार सोडून नेमका माझा भाऊ शोधून आणावा, आणि वर जिन्यात भेटल्यावर मलाच सांगावं की काय हात आहे हो त्या माणसाचा, एकदा बघायला या. मी म्हटलं, बघितलाय.

मी कसा माणूस आहे ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवालपवी नको. यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं मोजमाप खोलीत तपासनीस होतो. थंड, बंद खोली. बाहेर जे काही घडवलं जाई ते माझ्या टेबलावर येई, आणि मी ते मोजून पास किंवा नापास करी. नुसते भागच नव्हेत, ज्यांनी भाग मोजायचे ती हत्यारंही माझ्याकडे तपासायला येत. माझ्या माघारी मला मिलिमीटरसाहेब म्हणत. त्यांना ती चेष्टा वाटे. मला ती पदवी वाटायची, कारण ह्या जगात निम्मी माणसं ‘चालतंय की’ म्हणून जगतात आणि उरलेली त्यांना ‘चालू द्या’ म्हणतात, आणि दोघांच्या मध्ये कुणीतरी पट्टी घेऊन उभं राहावं लागतं. निवृत्त झालो तेव्हा मला एक घड्याळ दिलं. ते रोज चार सेकंद पुढे जातं. देणाऱ्यांपैकी एकालाही ते आधी तपासावंसं वाटलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी दोन मजले खाली उतरलो नाही. त्याऐवजी बसनं सहा थांबे जाऊन हत्यारांच्या दुकानात गेलो आणि मायटर सॉ, म्हणजे कोनात कापणारं मशीन, दाखवा म्हणालो. मनात योजना तयार होती, आणि आता ती सांगताना मला स्वतःची किळस येते, पण तेव्हा ती फार पुरुषी आणि स्वच्छ वाटली होती. भावानं अकरा वर्षांपूर्वी माझ्यासाठी आरशाची एक चौकट केली होती. ती वाकडी होती. मी ती त्याला परत पाठवली होती. आता त्याच मापाची चौकट मी स्वतः करणार होतो, चारही कोपरे असे की नख घालायला फट मिळू नये. आणि शनिवारी, त्याचं काम संपायच्या आत, ती खांद्यावर घेऊन काचवाल्याकडे जायला जिना उतरणार होतो, विमेवाल्याच्या उघड्या दारावरून, सावकाश. बोलणार काहीच नव्हतो. तिरकं कापायचं ते हातानं जमायला जन्म जावा लागतो. माझ्याकडे चार दिवस होते. म्हणून मशीन.

दुकानात माझ्याआधी एक डॉक्टर उभे होते. त्यांना लाकूडकामाचा छंद लागला होता, आणि ते रंगावरून मशीन निवडत होते. विक्रेता त्यांना लाल रेषा पाडणारं मॉडेल दाखवत होता, म्हणजे कुठे कापलं जाणार ते लाकडावर उजेडात दिसतं. डॉक्टर खूष. माणसाला पेन्सिलची रेघ मारता येत नसेल तर त्याला उजेडाची रेघ विकावी, हा धंदाच आहे. मी विक्रेत्याला विचारलं, ह्या सरकत्या दांड्यांच्या मशीनचा हात किती हलतो. तो म्हणाला, पुढे-मागे फूटभर सहज. मी म्हटलं, पुढे-मागे नाही, आडवा. त्यानं माहितीपत्रक उघडलं. मग मी स्वतःच हात धरून बाजूला दाबला, आणि पातं डोळ्यांना दिसेल इतकं कललं. रुंद फळ्या कापायच्या असतील तर दांड्या हव्यात, हे मलाही कळतं, पण जितके जास्त सरकणारे भाग तितके जास्त खोटं बोलणारे. मी दहा इंची पात्याचं, न सरकणारं, साधं मशीन घेतलं. साठ दातांचं पातं वेगळं घेतलं, कारण चाळीस दात कडा फाडतात. टेबल फिरवून पंचेचाळीसच्या खाचेत ते कसं बसतं ते दहा वेळा बसवून पाहिलं. मागची पट्टी, जिला लाकूड टेकवून कापायचं, तिचे स्क्रू सुटतात का ते पाहिलं. विक्रेत्याचा धीर सुटत चालला होता. तो म्हणाला, "काका, कंपनीतून सेट होऊनच येतं. खोक्यातून काढा आणि कापा." मी त्याला म्हटलं, एकतीस वर्षं मी हेच वाक्य ऐकून पुढच्या माणसाचा माल परत पाठवला आहे. डॉक्टर हसले. लाल रेषेचं मशीन घेऊन ते माझ्याआधी बाहेर पडले.

मुलगी परगावी गेल्यापासून तिची खोली रिकामी आहे. बायकोनं तिथे एक खुर्ची ठेवली आहे आणि त्या खुर्चीत कुणीच बसत नाही. बुधवारी सकाळी मी ती बाहेर काढली, जुनं जाड टेबल भिंतीशी लावलं, पायांखाली पत्रे सारून ते चारही बाजूंनी पातळीत आणलं आणि त्यावर मशीन बोल्टांनी आवळलं. पातं फिरतं कसं, आवाज कसा येतो हे बघायला एक जुनी पंजाएवढ्या रुंदीची फळी मधोमध कापली. आवाज स्वच्छ होता. दोन्ही तुकडे कोपऱ्यात फेकले. खालून करवत क्षणभर थांबल्यासारखी वाटली. माझ्या मशीनचा आवाज त्याच्यापर्यंत गेला असणार, ह्या विचारानं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं ह्याचा रागही आला. मग मी भिंतीवरून बाबांचा गुण्या काढला.

गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. पितळी पट्टी मारलेली लाकडी मूठ आणि तिच्यातून काटकोनात निघालेली पोलादी पट्टी, दुसरं काही नाही. कामाला लावला की तो एकच गोष्ट सांगतो: आहे किंवा नाही. बाबांनी तो कुठून घेतला होता माहीत नाही. माझ्या आठवणीत तो पहिल्यापासून त्यांच्या कमरेला आहे. बाबा गेले तेव्हा आईनं त्यांची पेटी उघडली. रंधे, पटाशा, करवती सगळं धाकट्याचं, त्यात वाद नव्हता. तो सुतार होता, मी शिकलेला. मी फक्त गुण्या मागितला. धाकट्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेटीतून काढून तो माझ्या हातात दिला. काय अवस्था होती त्याची. मूठ तेलकट, काळी. पितळी पट्टीवर हिरवट डाग. आणि मुठीच्या आतल्या बाजूला, टोकाशी, वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर पट्टी सरसानं चिकटलेली, वाळून कडक झालेली. बाबा तसेच होते. शर्टाला बटण नसलं तर टाचणी, चष्म्याची काडी तुटली तर सुतळी. माझ्या शाळेत ते एकदाच आले आणि त्यांच्या केसांत भुसा होता. मी त्या दिवशी वर्गात मान वर केली नाही. मी गुण्या घरी आणला, ब्लेडनं तो कागद खरवडून काढला, रॉकेलनं मूठ पुसली, पितळ घासलं, पोलादाला तेल दिलं आणि हिरव्या कापडाच्या पाटीवर दोन खिळ्यांवर टांगला. पाहुणे विचारत. मी सांगे, वडिलांचा. त्यांच्या हयातीत तो इतका स्वच्छ कधीच नव्हता.

मशीनची वायर काढून ठेवली, पातं खाली आणलं, गुण्याची मूठ मागच्या पट्टीला टेकवली आणि पोलाद पात्याला भिडवलं. उजेड दिसला. केसाएवढा, पण दिसला. मागे भिडतंय, पुढे सुटतंय. खोक्यातून काढा आणि कापा. मी मोठ्यानं हसलो. बायको दारात येऊन काय झालं म्हणाली, तेव्हा मी तिला तो उजेड दाखवला. तिला दिसला नाही. ॲलन कीनं पट्टीचे चारही स्क्रू सैल केले, टिचकी मारून मारून पट्टी सरकवली, उजेड मिटला, स्क्रू आवळले, पुन्हा पाहिलं. आवळताना पट्टी हलते, हे प्रत्येक अर्धवटाला शेवटी कळतं. मला आधीच माहीत होतं. संध्याकाळपर्यंत मशीन माझ्या गुण्याच्या ताब्यात आलं होतं.

अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस मला नको असताना आठवतो, बहुधा जिना चढताना, कारण जिना चढताना माणसाला दुसरा उद्योग नसतो. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. हे घर नवं होतं आणि आम्ही चार माणसं चहाला बोलावली होती. धाकट्यानं न सांगता आरसा आणला, चादरीत गुंडाळून, त्याची बायको एका बाजूला धरून. पुरुषभर उंच. जमिनीवर भिंतीला टेकवून त्यानं चादर काढली आणि सगळे गप्प झाले, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. त्या कौतुकानं मला काहीतरी टोचलं. तेव्हा मी त्याला दुसरं नाव दिलं असतं, आज देत नाही. तो हेवा होता. माझ्या मोजमाप खोलीतल्या एकतीस वर्षांत कुणी माझ्या कामासमोर असं गप्प झालं नव्हतं. तपासनिसाचं काम दिसत नाही, फक्त दुसऱ्याची चूक दिसते. माझ्याबरोबर काम करणारे दोघे तिथे होते, त्यांतला एक गमतीनं म्हणाला, मिलिमीटरसाहेब, पास का? मी उठलो. भिंतीवरून गुण्या काढला, गुडघ्यावर बसलो आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्याला लावला. उजेड दिसला. दुसऱ्या कोपऱ्याला लावला. दिसला. मी बाजूला झालो, म्हणजे सगळ्यांना दिसावा.

धाकटा माझ्या मागे उभा होता. तो खाली वाकून, फक्त मला ऐकू यावं अशा आवाजात म्हणाला, "दादा, गुण्या एकदा उलटा करून बघ."

तो काय सांगतोय हे मला पुरतं कळलं होतं. गुण्या खरा की खोटा हे तपासायची ती सगळ्यांत जुनी रीत आहे: एक रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा मारायची, दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. कारखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हे करायला लावत असे. आणि हा मला सांगतोय. माझ्या घरात, बाबांचा गुण्या माझ्या हातात असताना. मी मोठ्यानं म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. चेष्टाच होती, हसण्यासारखीच होती, त्यांचा दोष नाही. धाकट्यानं आईकडे पाहिलं. आई खुर्चीतून उठली, तिनं खाली पडलेली चादर उचलली आणि आरशावर टाकली, उघड्या माणसावर टाकावी तशी. दुसऱ्या दिवशी मी टेंपो करून आरसा परत पाठवला. आई त्यानंतर सात वर्षं जगली, आमच्याकडेच. धाकटा तिला भेटायला मी कामावर असताना येई. त्याचा विषय निघाला की ती म्हणे, मनानं चांगला आहे, पण ह्यांचा हात नाही आला त्याच्यात. घाई फार. मी तिला कधी खोडलं नाही. कशाला खोडू, माझं मोजून झालं होतं. तिनं ते वाक्य त्याच्याही तोंडावर म्हटलं असणार, कारण आई एकाजवळ एक आणि दुसऱ्याजवळ दुसरं बोलणारी नव्हती.

गुरुवारी मी चौकट कापली. चपट्या पट्ट्या, प्रत्येकीची दोन्ही टोकं पंचेचाळीसात. खाच एकच ठेवायची आणि पट्टी उलटसुलट करून कापायची, म्हणजे टेबल पुन्हा हलवायला नको. जमिनीवर चारही मांडल्या. तीन कोपरे बसले आणि चौथ्यात फट राहिली, पोस्टकार्ड सहज जाईल एवढी. हे गणित मला पाठ आहे. एका कापाची चूक आठ वेळा साठते आणि शेवटच्या कोपऱ्यात सगळी बाहेर पडते. पुन्हा गुण्या लावला. गुण्या म्हणाला मशीन बरोबर. मग लाकूड ओलं असेल. दुसऱ्या पट्ट्या आणल्या, लाकूडवाल्याला चार शब्द ऐकवले. फट. मग पातं थरथरत असेल. पातं काढून मशीनबरोबर आलेलं चाळीस दाती चढवलं, उतरवलं. फट. खालून दोन उलटे, मग सरळ. दोन उलटे, मग सरळ. त्या आवाजात घाई नव्हती, हे मला ऐकू येत होतं, आणि मी खिडकी लावून घेतली. बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा मी तिच्यावर खेकसलो की तुम्हा लोकांना ‘साधारण बरं’ एवढंच कळतं. ती म्हणाली, तुम्हाला कुठे तेवढं तरी करता येतंय. असं ती सहसा बोलत नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत चार चौकटींचं सरण झालं होतं. मी सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या: विक्रेत्याला, कंपनीला, लाकूडवाल्याला, लाल रेषेच्या डॉक्टरला, ज्याचं एव्हाना एखादं बेंगरूळ कपाट तयारही झालं असेल आणि ज्याला त्याचे सांधे सांधे वाटत असतील. मग खोली झाडायला घेतली. तुकडे गोळा करताना ती पहिल्या दिवशीची फळी हाती आली, मधोमध कापलेली, दोन तुकडे. काहीही मनात न ठेवता, निव्वळ सवयीनं, मी एक तुकडा पालथा केला आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना भिडवल्या. ही मशीनची परीक्षा आहे. काप वाकडा असेल तर पालथ्या तुकड्यात वाकडेपणा दुप्पट होऊन समोर येतो, आणि तिला गुण्या लागत नाही. कडा मिटल्या. मी त्या खिडकीसमोर धरल्या. कुठूनही उजेड आला नाही.

तो काप मी मशीनला हात लावायच्या आधीचा होता. खोक्यातून काढून कापलेला.

मी खाली बसलो नाही की काही नाही. दुसरी फळी घेतली, आताच्या मशीनवर कापली, पालथी घातली. फट. मग बराच वेळ मी भिंतीवरच्या हिरव्या पाटीकडे बघत उभा राहिलो आणि मला सरळ भीती वाटली, लहानपणी प्रगतिपुस्तक उघडताना वाटे तशी. कपाटाचा पांढरा गुळगुळीत फळा काढला, पेन्सिलला टोक केलं, फळ्याच्या कडेला गुण्या लावून रेघ मारली. गुण्या उलटा केला. त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारली. दोन रेघा एका जागेतून निघाल्या आणि वर जाता जाता एकमेकींपासून सुटल्या. वर टोकाशी त्यांच्यामध्ये तीन-चार कागद मावले असते. त्यातला निम्मा खोटेपणा गुण्याचा. मुठीच्या टोकाशी किती जाडी हवी हे मला मोजावं लागलं नाही. वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर पट्टी, सरसासकट.

कधीतरी गुण्या पडला असणार, वरून फरशीवर. नवा घ्यायच्या ऐवजी बाबांनी रेघा मारून पाहिल्या असतील, कागद फाडला असेल, चिकटवला असेल, पुन्हा रेघा मारल्या असतील, रेघा एक होईपर्यंत. आणि मग उरलेलं आयुष्य त्या गुण्यानं खरं काम केलं, माझ्या शाळेच्या फीसकट सगळं. मोजमाप खोलीत मीसुद्धा हेच करायचो, फक्त माझे पत्रे डबीत असत आणि त्यांच्यावर आकडे असत. मी एकतीस वर्षं लोकांची हत्यारं नापास केली आणि घरातलं एकुलतं एक हत्यार मी माझ्या हातांनी खोटं केलं, का, तर ते मळकं दिसत होतं. ज्या परीक्षेला दोन मिनिटं लागतात ती मी केली नाही, कारण ती करायला मला सुतारानं सांगितलं होतं. मला जगातल्या सगळ्या भोट माणसांची आठवण झाली आणि त्यांतला प्रत्येक जण माझ्यापेक्षा बरा होता. विमेवाला निदान म्हणाला होता, हात आहे.

शनिवारी अकराला मी गुण्या घेऊन खाली गेलो. शर्ट बदलला होता, का ते माहीत नाही. विमेवाल्याचं दार उघडं होतं आणि तो घरात नव्हता, एवढं नशीब. धाकटा ओट्याखालच्या कपाटाची दारं पुसत होता. अकरा वर्षांत आईच्या अंत्यविधीला तेवढा त्याला जवळून पाहिला होता, पण तेव्हा आम्ही दोघेही खाली बघत होतो. पाठ बाबांसारखी झाली आहे. केसांत भुसा. त्यानं मला पाहिलं, मग माझ्या हातातल्या गुण्याला पाहिलं, आणि माझ्याशी बोलायच्या आधी गुण्या काढून घेतला. मूठ उलटी करून आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. टोकाशी थांबला.

"कागद कुठाय?"

"मी काढला."

"कधी?"

"आणला तेव्हाच. साफ करताना."

मला वाटलं हसेल, आणि त्यानं हसावं असं मला मनापासून वाटत होतं. मी त्याला विचारलं की त्या दिवशी तू बोलला का नाहीस. तो म्हणाला, "बोललो होतो." ते खरं होतं. मी म्हटलं, मोठ्यानं बोलायचंस, माझ्या हातातून हिसकावून घ्यायचास. त्यावर तो म्हणाला की बाबांना जाऊन तीन महिने झाले होते आणि आई समोर बसली होती, चार लोकांत बाबांचा गुण्या खोटा आहे असं मी म्हणायचं होतं का. हे त्यानं चढ्या आवाजात म्हटलं नाही. दार पुसता पुसताच म्हटलं.

मग त्यानं पॉलिश पेपरचा एक वापरलेला तुकडा घेतला, पाण्यानं ओला करून त्याची वाळू नखानं काढली आणि मागच्या कागदाची बोटभर पट्टी फाडली. गोंदाचा थेंब लावून ती मुठीच्या टोकाला बसवली. नव्या कपाटाच्या दाराच्या मागच्या बाजूला चपट्या पेन्सिलनं रेघ मारली, गुण्या उलटा केला, दुसरी मारली. डोळे बारीक करून पाहिलं, पट्टी काढली, किंचित आत सरकवून लावली आणि पुन्हा दोन रेघा मारल्या. ह्या वेळी दुसरी रेघ मारल्याचं मला दिसलं, पण रेघ दिसली नाही. त्यानं अंगठ्यानं कागद दाबून धरला. माझ्या चार दिवसांतलं एकही काम इतकं मन लावून झालं नव्हतं.

"उद्यापर्यंत हात लावू नको," गुण्या परत देत तो म्हणाला.

मी विचारलं, आरसा आहे का अजून. तो म्हणाला, आहे. आईनं टाकली होती ती चादर अजून तशीच आहे, काढली नाही. मी म्हटलं, चहाला वर ये. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. हत्यारं पेटीत भरायला लागला, बाबांच्याच पेटीत, आणि माझ्याकडे पाठ करून बोलला.

"तू ये माझ्याकडे. गुण्या घेऊन ये, आरशाला लाव. पण एकटा येऊ नको. त्या दिवशी जेवढे होते तेवढे सगळे घेऊन ये."

मी हो म्हटलं. त्याचा अधिकारच होता तो, आणि खरं सांगायचं तर मला हलकंही वाटलं, कारण जे मोजता येतं ते मला करता येतं. ओला कागद हलू नये म्हणून गुण्या दोन्ही हातांवर आडवा धरून मी जिना चढायला लागलो आणि माणसं मोजायला लागलो. मी, बायको. मुलीला बोलावून घेता येईल, दोन दिवसांची रजा काढेल. त्याची बायको घरातच आहे. कारखान्यातले दोघे, एकाचा फोन आहे, दुसऱ्याचा पत्ता शोधावा लागेल, पण ज्यानं पास का म्हणून विचारलं तो यायलाच हवा. आत्या थकली आहे, तिला गाडीनं नेऊ. आमच्या मजल्यावरचं शेजारचं जोडपं तेव्हाही होतं. धाकटा स्वतः. दहा झाले. अकरा कप बाहेर काढले होते त्या दिवशी, मला पक्कं आठवत होतं, कारण सहाचे दोन संच आणले होते आणि त्यातला एक कप आधीच फुटला होता. तिसऱ्या मजल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा दहाच.

बायको दार उघडून उभी होती. माझे हात अडकलेले बघून तिनं काही विचारायच्या आधी मला आत घेतलं, मग विचारलं, काय म्हणाले भाऊजी. मी म्हटलं, "सगळ्यांना घेऊन ये म्हणाला. आईलासुद्धा."